साखर, रक्तदाब आणि नैराश्य एकाच केसपेपरवर: सहयोगी उपचारपद्धतीच्या भारतीय रूपांतराचा प्रकरण अभ्यास

मधुमेहाच्या प्रत्येक ओपीडीत काही रुग्ण असे असतात की औषध बदलले, मात्रा वाढवली, आहाराचा तक्ता पुन्हा समजावून सांगितला, तरी त्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर जागची हलत नाही. त्यांच्या केसपेपरवर ‘पथ्य पाळत नाहीत’, ‘गोळ्या अनियमित’ असे शेरे साठत जातात आणि कालांतराने डॉक्टर व रुग्ण दोघेही एकमेकांकडून फारशी अपेक्षा ठेवेनासे होतात. यातील बऱ्याच जणांना नैराश्याने ग्रासलेले असते. ज्याला सकाळी अंथरुणातून उठणेच जड जाते, त्याच्याकडून वेळेवर गोळी, मोजका आहार आणि रोजचे चालणे यांची अपेक्षा धरली जाते. ती पुरी होत नाही, साखर वाढते, वाढलेल्या साखरेने थकवा येतो आणि ‘आपल्याच्याने काही होत नाही’ ही भावना अधिक घट्ट होते. नैराश्य साखर बिघडवते आणि बिघडलेली साखर नैराश्य वाढवते, हे माहीत असूनही आपली आरोग्यव्यवस्था या दोहोंसाठी दोन दारे, दोन वार आणि दोन कागद ठेवते.

हे दोन्ही एकत्र हाताळण्याचा भारतातील सर्वांत काळजीपूर्वक तपासला गेलेला प्रयत्न म्हणजे ‘इंडिपेंडंट’ हा प्रकल्प होय. चेन्नईतील मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशन, दिल्लीतील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था (एम्स), बंगळुरूचे डायाकॉन रुग्णालय आणि विशाखापट्टणममधील एंडोक्राइन अँड डायबिटीस सेंटर अशा चार ठिकाणी तो राबवला गेला. अमेरिकेतील एमोरी विद्यापीठ आणि वॉशिंग्टन विद्यापीठ यांचे संशोधक त्यात सहभागी होते आणि त्याचे निष्कर्ष २०२० मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. परदेशात घडलेली ‘सहयोगी उपचारपद्धत’ येथे आणताना तिच्यातले काय बदलता आले आणि कशाला हात लावून चालले नसते, हा या लेखाचा विषय आहे.

मूळ पद्धत

सहयोगी उपचारपद्धतीची पहिली मोठी चाचणी अमेरिकेत ‘इम्पॅक्ट’ या नावाने झाली. तिचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. साठीपुढच्या १,८०१ नैराश्यग्रस्त रुग्णांना पाच राज्यांतील १८ प्राथमिक दवाखान्यांमध्ये, म्हणजे ते एरवी जात होते तिथेच, उपचार देण्यात आले. वर्षअखेरीस सहयोगी उपचार मिळालेल्यांपैकी ४५ टक्के रुग्णांची लक्षणे निम्म्याने किंवा त्याहून अधिक कमी झाली होती. नेहमीच्या पद्धतीत हे प्रमाण १९ टक्के होते.

पद्धतीची रचना वरवर साधी दिसते. रुग्णाच्या नेहमीच्या डॉक्टरांसोबत एक समन्वयक असतो, जो रुग्णाला नियमित भेटतो किंवा फोन करतो, ठरावीक प्रश्नावलीने लक्षणे मोजतो आणि ती नोंदवहीत उतरवतो. मानसोपचारतज्ज्ञ सर्व रुग्ण स्वतः तपासत नाहीत. ते समन्वयकासोबत ठरलेल्या वेळी बसून नोंदवही चाळतात आणि ज्यांच्यात सुधारणा नाही त्यांच्यापुरता सल्ला देतात. औषध लिहिण्याचा अधिकार नेहमीच्या डॉक्टरांकडेच राहतो. एका तज्ज्ञाचा एक तास अशा रीतीने पुष्कळ रुग्णांपर्यंत पोहोचतो. जिथे मानसोपचारतज्ज्ञ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत, तिथे या हिशेबाचे मोल निराळे सांगायला नको.

वॉशिंग्टन राज्यातील डॉक्टर वेन कॅटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढचे पाऊल टाकले. त्यांच्या ‘टीमकेअर’ चाचणीत मधुमेह, हृदयरोग किंवा दोन्ही असलेले आणि शिवाय नैराश्य असलेले २१४ रुग्ण होते. ग्रुप हेल्थ या सहकारी आरोग्यसंस्थेच्या १४ दवाखान्यांत परिचारिकांनी नैराश्यासोबत साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांचाही पाठपुरावा केला आणि आठवड्याच्या बैठकीत या सर्वांचा एकत्र आढावा घेतला गेला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत वर्षअखेरीस चारही बाबतींत तुलना गटापेक्षा, म्हणजे नेहमीचेच उपचार मिळालेल्यांपेक्षा, अधिक सुधारणा दिसली. एकेका आकड्यातील फरक मोठा नव्हता. सरासरी साखरेत तो ०.५८ टक्के आणि वरच्या रक्तदाबात सुमारे ५ अंक इतका होता. परंतु एकाच माणसाच्या शरीरात हे सारे एकाच वेळी हलले, आणि गुंतागुंतीच्या रुग्णाच्या बाबतीत नेमके तेच अवघड असते.

भारतात आणताना काय बदलले

ग्रुप हेल्थ ही विमा आणि उपचार दोन्ही पुरवणारी संस्था होती. डॉक्टर, परिचारिका, प्रयोगशाळा आणि नोंदी एका छत्राखाली होत्या. आपल्याकडे रुग्ण साखरेसाठी एकीकडे, गुडघ्यासाठी दुसरीकडे आणि झोप लागत नाही म्हणून गावातल्या तिसऱ्याच डॉक्टरांकडे जातो. सगळे कागद एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन फिरतो, आणि त्यातला कोणता कागद आज दाखवायचा हे तोच ठरवतो. नेहमीचा फॅमिली डॉक्टर ही कल्पना शहरांतही विरळ होत चालली आहे. त्यामुळे पद्धतीचे ठिकाणच आधी बदलावे लागले. ज्या दवाखान्यात मधुमेहाचा रुग्ण वर्षानुवर्षे येत राहतो, तो मधुमेहाचा दवाखानाच केंद्रस्थानी घेतला गेला.

दुसरी अडचण नोंदींची होती. तिच्यासाठी आधीचा एक अनुभव हाताशी होता. भारत आणि पाकिस्तानातील १० दवाखान्यांत १,१४६ मधुमेही रुग्णांवर झालेल्या ‘कार्स’ चाचणीत समन्वयक आणि संगणकीय नोंदप्रणाली यांची जोडी वापरली गेली होती. ही प्रणाली रुग्णाचे आकडे पाहून डॉक्टरांना पुढची पायरी सुचवत असे. ती स्वीकारायची की नाही हे डॉक्टर ठरवत. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत एकापेक्षा अधिक उद्दिष्टे एकाच वेळी गाठणाऱ्यांचे प्रमाण तुलना गटाच्या दुपटीहून अधिक होते. ‘टीमकेअर’चा मानसिक आरोग्याचा गाभा आणि ‘कार्स’ची नोंदप्रणाली यांच्या जोडणीतून ‘इंडिपेंडंट’ उभा राहिला. ज्या प्रणालीवर येथील डॉक्टरांचा हात आधीच बसला होता तिच्यातच नैराश्याचा रकाना आला, हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. नवे काम जुन्या कामाच्या रुळावर घातले की ते टिकण्याची शक्यता वाढते.

तिसरा बदल माणसांचा. अमेरिकेत समन्वयाचे काम अनुभवी परिचारिकांनी केले; येथे ते डॉक्टर नसलेल्या, त्यासाठी खास प्रशिक्षण दिलेल्या समन्वयकांवर सोपवले गेले. रुग्णाला बोलते करणे, त्याने स्वतः ठरवलेल्या छोट्या कृतींकडे त्याला परत वळवणे, घरच्या माणसांना विश्वासात घेणे, मोजमाप करणे आणि आढाव्यासाठी माहिती तयार ठेवणे ही त्यांची कामे होती. मानसोपचारतज्ज्ञ आणि मधुमेहतज्ज्ञ नोंदींचा आढावा घेऊन सल्ला देत.

रुग्ण निवडताना ‘गुंतागुंत’ आकड्यांत बांधली गेली होती. वय किमान ३५, टाइप २ मधुमेह, नैराश्य मोजणाऱ्या नऊ प्रश्नांच्या पीएचक्यू-९ प्रश्नावलीत १० किंवा अधिक गुण, आणि त्याशिवाय सरासरी साखर ८ टक्के किंवा अधिक, वरचा रक्तदाब १४० किंवा अधिक, एलडीएल कोलेस्टेरॉल १३० किंवा अधिक यांपैकी निदान एक गोष्ट असलेले ४०४ रुग्ण २०१५ आणि २०१६ मध्ये घेतले गेले. १९६ जणांना सहयोगी उपचार आणि २०८ जणांना नेहमीचे उपचार मिळाले.

आढाव्याच्या टेबलावर

पद्धत प्रत्यक्षात कशी चालते, हे कळण्यासाठी मराठी मुलखातील एक नमुना रुग्ण डोळ्यांसमोर आणू. ही कोणी खरी व्यक्ती नाही आणि वरील अभ्यासातलीही नाही. अशा रुग्णांत नेहमी दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून हे चित्र रेखाटले आहे.

बावन्न वर्षांच्या एक बाई आहेत. मधुमेह दहा वर्षांचा. सरासरी साखर ९.४, रक्तदाब १५२/९०, एलडीएल १३८. साखर कमी करणाऱ्या मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या गोळ्या चालू आहेत. त्या डॉक्टरांना सांगतात त्या तक्रारी अशा: अंग दुखते, पायांची आग होते, झोप लागत नाही, कशात जीव रमत नाही. ‘नैराश्य’ हा शब्द त्या वापरत नाहीत. विचारलेच तर ‘टेन्शन आहे हो थोडं’ म्हणतात. समन्वयक त्यांना बाजूच्या खोलीत बसवते आणि प्रश्नावली हातात न देता बोलण्याच्या ओघात विचारते: ‘काकू, गेल्या पंधरा दिवसांत असं किती दिवस झालं की काही करावंसंच वाटलं नाही?’ उत्तर येते, ‘रोजच म्हणा ना.’ गुण होतात १६.

गुंतागुंतीच्या रुग्णात या १६ गुणांकडे डोळसपणे पाहावे लागते. नऊ प्रश्नांपैकी झोप, थकवा आणि भूक यांचे गुण वाढलेल्या साखरेनेही वाढतात: रात्री चारदा लघवीला उठणाऱ्या माणसाची झोप मोडणारच. म्हणून रक्तातील हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासले जाते; दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊन थकवा आणि पायांची आग वाढू शकते, म्हणून तेही पाहिले जाते. याचा अर्थ गुण बाद करायचे असा होत नाही. उदास वाटणे, रस न उरणे आणि स्वतःला कमी लेखणे या प्रश्नांची उत्तरे साखरेच्या खाती टाकता येत नाहीत. नववा प्रश्न जीव नकोसा वाटण्याविषयी आहे. त्याचे उत्तर शून्याखेरीज काहीही आले, तर समन्वयकाने त्याच दिवशी, रुग्ण दवाखान्यात असतानाच डॉक्टरांना सांगायचे असते. साप्ताहिक आढाव्याची वाट पाहायची नसते.

दुसऱ्या भेटीत काकू सांगतात की अकराच्या सुमारास छातीत धडधडते, घाम फुटतो, हातपाय कापतात आणि आता आपले काही खरे नाही असे वाटते. म्हणून त्यांनी सकाळची एक गोळी आपणहून बंद केली आहे. तसे झाले की त्या गुळाचा खडा तोंडात टाकतात, मग बरे वाटते. समन्वयक ही नोंद ‘घाबरल्याचे झटके’ म्हणून करते आणि आढाव्यात मांडते. मानसोपचारतज्ज्ञ एकटे असते तर चिंतेवरचे औषध सुचवले गेले असते. मधुमेहतज्ज्ञ एकटे असते तर धडधडीची गोष्ट कदाचित त्यांच्या कानावरच आली नसती. दोघे एका टेबलाशी आहेत, म्हणून प्रश्न निघतो: झटके कोणत्या वारी येतात? समन्वयकाच्या वहीत उत्तर आहे: सोमवारी, चतुर्थीला, एकादशीला. काकूंचे उपास आहेत. सकाळी ग्लिमेपिराइड पोटात जाते, खाणे मात्र दुपारी, आणि तेही साबुदाण्याची खिचडी. आधी साखर घसरते, मग गूळ आणि साबुदाण्याने उसळते. आणि घसरण्याच्या भीतीने गोळी सुटली की इतर दिवशीही साखर चढी राहते.

गोळ्यांच्या पिशवीतून आणखी एक पट्टी निघते. पायांची आग आणि झोप यांसाठी दुसऱ्या एका डॉक्टरांनी दिलेली अमिट्रिप्टिलिन. हे औषध मज्जातंतूंच्या आगीवर उपयोगी आहे आणि नैराश्यावरही चालते. पण या मात्रेत ते नैराश्याला अपुरे आहे, वजन आणि भूक वाढवते, तोंड कोरडे पाडते आणि उठताना भोवळ आणू शकते. मानसोपचारतज्ज्ञ ते हळूहळू काढून एस्सिटालोप्राम हे नैराश्यावरचे औषध लहान मात्रेत सुरू करण्याचे सुचवतात, पण पायांच्या आगीसाठी पर्याय ठरल्याशिवाय ते काढू नये असा शेराही देतात. मधुमेहतज्ज्ञ जोड देतात की या गटातील औषधांनी काही रुग्णांत साखर खाली येऊ शकते, तेव्हा ग्लिमेपिराइडची मात्रा आधी कमी करावी आणि पहिल्या काही आठवड्यांत साखर अधिक वेळा पाहावी. उपासाच्या दिवशी गोळी कशी घ्यायची हे केसपेपरवर ठळक लिहिले जाते. उपास सोडा असे काकूंना कोणी सांगत नाही. आठवड्यातला तो दिवस त्यांचा स्वतःचा आहे, आणि नैराश्यात माणसाच्या हाती असे फार थोडे दिवस उरतात.

समन्वयकाचे खरे काम याच्या पुढे आहे. रोज तीस मिनिटे चाला, हे काकूंना दहा वर्षे सांगून झाले आहे. आता ती विचारते की पूर्वी संध्याकाळी काय करत होतात. हरिपाठाला जात असत. वर्ष झाले, सोडून दिला. देऊळ घरापासून दहा मिनिटांवर आहे. आठवड्यातून दोन संध्याकाळी तिथे चालत जायचे, मन लागो न लागो, एवढेच ठरते. सून सोबत यायला तयार आहे का, हे सुनेला फोन करून विचारले जाते. यात चालणे आले, माणसे आली आणि घरातल्या एकीला काकूंच्या आजाराची कल्पनाही आली.

आठव्या आठवड्यात गुण १६ वरून १३ वर येतात. इथे नेहमीची ओपीडी आणि सहयोगी पद्धत यांच्या वाटा फुटतात. ओपीडीत ‘कसं वाटतंय?’ या प्रश्नाला ‘थोडं बरं आहे’ हे उत्तर मिळाले असते आणि त्याच गोळ्या पुढच्या महिन्यासाठी लिहून दिल्या गेल्या असत्या. नोंदवहीत मात्र १३ हा आकडा लाल राहतो, कारण उद्दिष्ट निम्म्याने कमी होण्याचे, म्हणजे ८ किंवा त्याखालचे आहे. आढाव्यात काकूंचे नाव वर येते, मात्रा वाढवली जाते, गोळी खरोखर रोज घेतली जाते का हे पुन्हा विचारले जाते. सुधारणा अपुरी असताना उपचार आहे तसेच चालू ठेवणे ही दीर्घ आजारांतली सर्वांत सामान्य आणि सर्वांत कमी चर्चिली जाणारी चूक आहे. लाल आकडा ती होऊ देत नाही.

निष्कर्ष काय सांगतात

‘इंडिपेंडंट’मध्ये प्रत्यक्ष सहयोगी उपचार बारा महिने चालले. पुढचे बारा महिने रुग्णांकडे केवळ लक्ष ठेवण्यात आले. समन्वयकाचा पाठपुरावा थांबलेला होता. मोजमाप चोवीस महिन्यांच्या अखेरीस झाले. नैराश्याची लक्षणे निम्म्याने किंवा अधिक कमी होणे आणि त्यासोबत सरासरी साखर, रक्तदाब, एलडीएल यांपैकी निदान एकात ठरलेली घट होणे, अशी दुहेरी कसोटी लावली. ती सहयोगी गटातील ७१.६ टक्के आणि नेहमीच्या गटातील ५७.४ टक्के रुग्णांनी पार केली.

या आकड्यांकडे उत्साहाच्या भरात पाहणे योग्य होणार नाही. तुलना गटातील निम्म्याहून अधिक रुग्णही कसोटीला उतरले. नैराश्याच्या लाटा काही प्रमाणात आपोआप ओसरतात, आणि चारही ठिकाणे मधुमेहाच्या उत्तम विशेष दवाखान्यांची होती. तिथले ‘नेहमीचे उपचार’ हे तालुक्याच्या ठिकाणच्या नेहमीच्या उपचारांहून वरच्या पायरीवर आहेत. तरीही पाठपुरावा थांबल्यावर वर्षभराने दोन गटांत एवढे अंतर टिकून राहावे, ही दुर्मीळ गोष्ट आहे. बारा महिन्यांत रुग्ण आणि डॉक्टर यांच्या वागण्यात रुजलेले काही तरी पुढेही चालत राहिले, असे यातून दिसते. स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजार असलेले रुग्ण या अभ्यासात नव्हते, हेही ध्यानात ठेवायला हवे. त्यांच्यात मधुमेहाचा धोका अधिक असतो आणि काही औषधांमुळे तो आणखी वाढतो, पण हे निष्कर्ष जसेच्या तसे त्यांना लावता येणार नाहीत.

दवाखान्याचा प्रकार बदलला की परिणाम किती बदलतो, याचे उदाहरण आपल्या शेजारी गोव्यात आहे. ‘मानस’ या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केले, २४ दवाखाने होते: निम्मे सरकारी, निम्मे खासगी. आरोग्यक्षेत्राची पार्श्वभूमी नसलेल्या समुपदेशकांना प्रशिक्षण देऊन तिथे नेमले गेले आणि मानसोपचारतज्ज्ञांची देखरेख ठेवली गेली. सरकारी दवाखान्यांत नैराश्य किंवा चिंतेच्या आजाराचे निदान पक्के झालेल्या रुग्णांपैकी सहा महिन्यांत ६५.९ टक्के बरे झाले; समुपदेशक नसलेल्या सरकारी दवाखान्यांत ४२.५ टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक पडला नाही. खासगी फॅमिली डॉक्टर रुग्णाला नावाने ओळखतात, पुन्हा पुन्हा भेटतात. समुपदेशकाने जे जोडायचे ते तिथे बऱ्याच अंशी आधीच होते, हे स्पष्टीकरण मला पटते. म्हणजे ही पद्धत सर्वांत जास्त उपयोगी पडते ती जिथे रुग्ण दर वेळी नव्या डॉक्टरसमोर बसतो तिथे, अर्थात सरकारी केंद्रात.

तालुक्याच्या पातळीवर

महाराष्ट्रात या कामाचे बरेच सुटे भाग आज अस्तित्वात आहेत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून आहे. आशाताई तिशीपुढच्या व्यक्तींसाठी जो तपासणी अर्ज भरतात, त्याच्या सुधारित नमुन्यात मधुमेह आणि रक्तदाबाच्या जोखमीसोबत नैराश्याचे दोन प्रश्नही आहेत. ते पीएचक्यू-९ मधले पहिले दोनच आहेत. शेतकरी आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांसाठी राज्याने मानसिक आरोग्याचा प्रेरणा प्रकल्प सुरू केला. ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू आहे. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत झालेल्या ‘विश्राम’ या उपक्रमाने तर दाखवून दिले की गावपातळीवरचे कार्यकर्ते, समुपदेशक आणि भेटीला येणारे मानसोपचारतज्ज्ञ यांची साखळी जोडली, तर उपचारांपर्यंत पोहोचणाऱ्या नैराश्यग्रस्तांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर जाते.

तरीही वरच्या काकू तालुक्याच्या रुग्णालयात गेल्या, तर असंसर्गजन्य आजारांच्या खिडकीवर त्यांची साखर मोजली जाईल, आणि मानसिक आरोग्याचे पथक ज्या दिवशी येते त्या दिवशी त्यांना पुन्हा यावे लागेल. एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी दुसऱ्यांदा मोजून. पथकाच्या रजिस्टरमध्ये त्यांची साखर नसेल, खिडकीवरच्या कार्डावर त्यांचे गुण नसतील. आशाताईंनी भरलेल्या अर्जातले दोन प्रश्न ‘हो’ आले असले, तरी त्या ‘हो’चे पुढे काय झाले हे सांगणारी जागा त्या दोन कागदांपैकी कुठेच नसेल. आपल्याकडे तपासणीची तूट आता पूर्वीइतकी राहिलेली नाही. खरी तूट आहे ती तपासणीनंतरच्या आठव्या आठवड्याची.

म्हणून रूपांतर करताना काय सैल सोडायचे याविषयी माझे मत स्पष्ट आहे. समन्वयक परिचारिका असो, समुपदेशक असो वा समुदाय आरोग्य अधिकारी. प्रश्न छापील कागदावरून विचारले जावोत वा गप्पांतून. खोली उपकेंद्रातली असो वा अंगणवाडीतली. मानसोपचारतज्ज्ञ समोर बसलेले असोत वा जिल्ह्याच्या ठिकाणाहून फोनवर असोत. या साऱ्यांत स्थानिक सोयीने बदल करता येतात आणि करावेत. दोन गोष्टींना मात्र हात लावता येत नाही. एक, साखर, रक्तदाब आणि पीएचक्यू-९ चे गुण एकाच यादीत, एकाच नावापुढे असणे. दोन, त्या यादीतील न सुधारणाऱ्यांचा ठरलेल्या वारी, तज्ज्ञांच्या उपस्थितीत आढावा होणे. बैठकीला वेळ मिळत नाही म्हणून आढावा महिन्यावर, मग तीन महिन्यांवर गेला, तर उरते ते समुपदेशन. ते चांगले काम आहे, पण त्याला सहयोगी उपचार म्हणता येत नाही आणि त्याच्याकडून वरील आकड्यांची अपेक्षाही धरता येत नाही.

अडचणी किरकोळ नाहीत. प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यावर लसीकरण, बाळंतपण आणि साथरोगांचा भार आहे, आणि नैराश्यविरोधी औषध लिहिण्याचा सराव अनेकांना नाही. समन्वयक कंत्राटी असेल तर वर्षभरात बदलतो आणि रुग्णाची ओळख पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. फ्लुओक्सेटिन किंवा एस्सिटालोप्राम तालुक्याला संपले, तर सहा आठवड्यांची मेहनत वाया जाते, कारण ही औषधे मध्येच थांबवल्यावर चक्कर, बेचैनी सुरू होऊ शकते आणि रुग्णाचा औषधावरचाच विश्वास उडतो. शिवाय काही गुंतागुंत कोणत्याही आढाव्याच्या टेबलावर सुटत नाही. नवऱ्याचे दारूचे व्यसन, सावकाराचे देणे, मुलीच्या लग्नाची काळजी यांना औषध नाही. तिथे समन्वयकाला निराधार योजनेचा अर्ज, व्यसनमुक्ती केंद्र, घरगुती हिंसाचार असल्यास संरक्षण अधिकारी यांची वाट माहीत असावी लागते. या वाटा त्याच यादीत, पुढच्या रकान्यात लिहाव्यात. त्या केवळ तोंडी सांगून सोडून देऊ नयेत, असे मी आग्रहाने सुचवीन.

सुरुवात करायची तर एका उपजिल्हा रुग्णालयात आणि त्याच्या हद्दीतील दोन-तीन प्राथमिक आरोग्य केंद्रांत करावी. ज्यांची सरासरी साखर ८ च्या वर आणि पीएचक्यू-९ चे गुण १० च्या वर आहेत, अशांचीच यादी घ्यावी. सर्व मधुमेही किंवा सर्व उदास रुग्ण एकदम घेतले की समन्वयक कोणालाच पुरत नाही. वैद्यकीय अधिकारी, रुग्णालयातील फिजिशियन आणि जिल्ह्याचे मानसोपचारतज्ज्ञ यांनी आठवड्यातून एकदा, ओपीडी संपल्यावर, फोनवर एक तास द्यावा. त्या तासात सुधारलेल्यांची चर्चा करू नये. लाल आकड्यांपासून सुरुवात करावी, प्रत्येक नावापुढे एक बदल आणि तो करणाऱ्याचे नाव लिहावे, आणि मागच्या आठवड्यात ठरलेला बदल झाला नसेल तर त्या नावापासूनच पुढची बैठक सुरू करावी.